सीटमागची फळी

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरात बसतो. दोन हजार तीनच्या हिवाळ्यात आम्ही तिथे राहायला गेलो, तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला त्याच्या कंपनीनं पुण्याहून वर्क परमिटवर पाठवलं होतं. तो सकाळी कलीगच्या गाडीतून निघून जायचा आणि मी खिडकीतून समोरचा राउंडअबाउट बघत चहा प्यायचे. चालणाऱ्यांसाठी तिथे लाल रंगाच्या वेगळ्या वाटा आहेत, रेडवे. झाडीतून, पुलांखालून फार छान जातात, पण जिथे आपल्याला जायचं असतं तिथे लवकर नेत नाहीत.

पुण्यात मी ट्रकच्या एका कारखान्यात डिझाइनला होते, केबिन विभागात. इथे आल्यावर अर्ज करत होते. उत्तरं यायची, भाषा फार सभ्य असायची आणि अर्थ एकच असायचा. शेवटी नवरा म्हणाला, "आधी गाडी शिक. बाकीचं मग बघू."

"पुण्यात चालवत होतेच की."

"पुण्यात तू स्कूटर चालवत होतीस."

ते खरं होतं, म्हणून मी ड्रायव्हिंगची शिकवणी लावली.

शिकवायला यायचे ते गृहस्थ पन्नाशीचे, बेडफर्डला राहणारे. बेडफर्ड म्हणजे आमच्याकडून अर्ध्या तासावरचं गाव. तिथे विटांच्या मोठ्या भट्ट्या होत्या आणि युद्धानंतर त्या भट्ट्यांवर काम करायला दक्षिण इटलीतून माणसं आणली होती. सरांचे वडील त्यांतलेच. (मी त्यांना मनातल्या मनात सरच म्हणायचे, त्यांना ऐकवलं असतं तर ते हसले असते.) सरांचा जन्म बेडफर्डचा, इंग्लिश तिथल्या पोराटोरांसारखं, पण मी राउंडअबाउटमध्ये चुकीच्या लेनला शिरले की तोंडातून इटालियन निघायचं. ओरडायचे मात्र नाहीत. "मिरर," एवढंच म्हणायचे. थोड्या वेळानं पुन्हा, "मिरर."

तिसऱ्या-चौथ्या लेसनला त्यांनी सहज विचारलं, "इंडियात काय काम करायचात?"

"ट्रकच्या केबिनचं डिझाइन."

"पुढचा लेबाय दिसतोय? तिथे गाडी बाजूला घ्या."

मला वाटलं काहीतरी चुकलं. मी इंडिकेटर देऊन रस्त्याकडेच्या त्या थांब्यावर व्यवस्थित थांबवली. त्यांनी हातातला कागद गुंडाळून दारात खोचला आणि माझ्याकडे वळून बसले. "केबिनचं, म्हणजे नक्की काय?"

मी सांगितलं. दार कुठे असावं, पायरी किती उंच, ड्रायव्हरचा गुडघा स्टिअरिंगला लागतो का, काच कुठून कुठपर्यंत. ते सगळं ऐकून घेत म्हणाले, "माझ्याकडे एक ट्रक आहे. त्याला केबिनच नाहीये."

पुढच्या रविवारी नवऱ्याला घेऊन मी बेडफर्डला गेले. सरच न्यायला आले होते. गावाबाहेर, जुन्या भट्ट्यांच्या चिमण्या दिसतात त्या बाजूला, एका शेतकऱ्याची मोठी शेड त्यांनी भाड्यानं घेतलेली होती. आत अंधार आणि ग्रीसचा वास. त्यांनी दिवा लावला.

आधी दिसला तो रेडिएटर. माझ्या गळ्यापर्यंत येईल एवढा उंच, कपाटासारखा सरळ उभा. त्यामागे लांबलचक बॉनेट. ओतीव पोलादाची, जाड आऱ्यांची चाकं, मागे जोडटायर. फ्रेमचे दोन उभे बीम पुढून मागपर्यंत एका रेषेत, कुठे वाक नाही, नखरा नाही. आणि बॉनेट संपतं तिथे एक पत्र्याची आडवी भिंत, तिच्यातून वर आलेलं परातीएवढं स्टिअरिंग, आणि त्याच्यासमोर एक लाकडी खोकं, बसायला. बाकी काही नाही. ना दार, ना छप्पर, ना काच.

मला हसू आलं. सरांना वाटलं मी थट्टा करतेय, म्हणून मी घाईनं म्हटलं, "असे ट्रक मी लहानपणापासून रोज बघितलेत."

आणि ते खरंच होतं. आमच्याकडे हायवेवर कारखान्यातून नुसत्या चासी निघायच्या, एकामागोमाग एक. इंजिन, चार चाकं, स्टिअरिंग आणि खोक्यावर बसलेला माणूस. डोळ्यांवर गॉगल, तोंडाला मफलर, वाऱ्यानं फडफडणारा शर्ट. त्या चासी घेऊन ही माणसं कुठल्या कुठे जायची, पार दुसऱ्या राज्यात. तिथे बॉडी बांधणारे सुतार आणि पत्रेवाले बसलेले असायचे, आणि ज्याची जशी ऐपत आणि हौस, तशी त्याची केबिन. कारखान्याची केबिन घेणारे तेव्हा थोडेच. आमच्या विभागाची सगळी धडपड ते बदलण्यासाठी होती.

सर कमरेवर हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "इकडेही तसंच. म्हणजे इटलीत, तेव्हा."

त्यांनी सांगितलं ते असं. हा ट्रक तीसच्या दशकातला. त्या आधी इटलीतले ट्रक बहुतेक पेट्रोलवर चालायचे, आणि मोठं ओझं घेऊन डोंगर चढायचा म्हणजे पेट्रोल परवडायचं नाही. मग कारखान्यांनी डिझेलची सहा सिलिंडरची इंजिनं बसवायला सुरुवात केली. इंजिन जड, म्हणून फ्रेम जड, म्हणून चाकं जड. सगळाच हत्तीचा कारभार. चढावर एवढा हळू की शेजारून चालणारा माणूस गप्पा मारू शकेल, पण थांबायचा नाही. दोघं ड्रायव्हर आळीपाळीनं चालवायचे. कारखाना चासी द्यायचा, आणि केबिन पुष्कळदा गावोगावचे गाडे बांधणारे लोक लाकडात बांधून द्यायचे.

"आणि स्टिअरिंग उजवीकडे कसं?" नवऱ्यानं विचारलं. "इटलीत तर रस्त्याच्या उजवीकडून जातात."

"म्हणूनच," सर म्हणाले. "घाटात दरी उजवीकडे. ड्रायव्हरला कड दिसायला हवी. ओव्हरटेक कोणाला करायचंय?" मग टायरवर हात ठेवून म्हणाले, "इटलीतून इकडे आल्यावर ज्याला बाजू बदलावी लागली नाही असा हा एकटाच."

त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी मिळून तो उत्तर इटलीतल्या एका लाकडाच्या वखारीमागून आणला होता. केबिन तिथेच कुजून गेलेली. वडील गेले ते इंजिन सुरू झालेलं ऐकून. पुढचं राहून गेलं. सरांनी जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या एका सुताराला विचारलं होतं. तो तयार होता, पण म्हणाला, ड्रॉइंग आण. ड्रॉइंग कुठलं आणायचं? त्यांच्याकडे होता तो एक फोटो, कारखान्याच्या जाहिरातीतला, छोटी चौकोनी केबिन असलेला.

"काढाल का?"

मी हो म्हटलं. कितीतरी महिन्यांत मला कोणी कामाचं काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर माझे लेसन बेडफर्डच्या दिशेनं व्हायला लागले. मी गाडी चालवत शेडपर्यंत जायचे, मापं घ्यायचे आणि चालवत परत यायचे. पत्र्याच्या भिंतीपासून मागे किती जागा, पेडल कुठे, गियरचा दांडा पुढे-मागे किती फिरतो, हँडब्रेक ओढला की कोपर कुठे जातं. घरी डायनिंग टेबलावर कागद पसरलेले असायचे. नवरा ताट हातात घेऊन सोफ्यावर जेवायचा आणि कुरकुर करायचा नाही. उलट एकदा म्हणाला, "तू पुन्हा पुण्यातल्यासारखी बोलायला लागलीस."

"म्हणजे कशी?"

"भांडल्यासारखी."

चित्र पूर्ण झालं तेव्हा सर म्हणाले, "एकदा आईला दाखवू. तिचे वडील असाच ट्रक चालवायचे."

त्यांच्या आई ऐंशीच्या घरातल्या. बेडफर्डच्या एका रांगेतल्या छोट्या घरात एकट्या राहायच्या. मागे अंगणात टोमॅटो, पुढे दारात कुंड्या. अंगात काळं स्वेटर, पाय सुजलेले, नजर मात्र लख्ख. मी त्यांना सिन्योरा, म्हणजे इटालियनमध्ये बाईसाहेब, म्हणायचे. इंग्लिश त्यांना येत होतं ते दुकानापुरतं. अडलं की मुलाकडे बघून इटालियनमध्ये बोलायच्या आणि तो मला सांगायचा.

त्यांनी माझा कागद टेबलावर सपाट केला, चष्मा लावला, बराच वेळ बघितला. मग बोट ठेवून म्हणाल्या, "झोपायचं कुठे?"

"मम्मा, ह्या मॉडेलला बंक नव्हता," सर म्हणाले. "फोटोत बघ."

"फोटोत काय बघू? मी झोपले आहे."

मग त्यांनी सांगितलं. नऊ-दहा वर्षांच्या असताना त्यांच्या डोळ्यांना काहीतरी झालं होतं, सारखं पाणी यायचं. गावातल्या डॉक्टरनं नेपल्सला न्यायला सांगितलं. वडील डोंगरातून लाकूड घेऊन नेपल्सला जायचे, तेव्हा त्यांच्याच ट्रकमध्ये बसवलं. बसायला जागा कुठली, दोन ड्रायव्हर असायचे. मग सीटच्या मागे फळी होती, तिच्यावर गवताची गादी टाकून त्यांना निजवलं. डोळ्यांवर ओला रुमाल. रस्ता काही दिसला नाही, पण वळण आलं की अंग एका बाजूला जायचं आणि पायाला लाकूड लागायचं. मध्येच वडील हात मागे करून बघायचे, आहे ना म्हणून.

"डोळे बरे झाले?" मी विचारलं.

"तुझी बांगडी कुठे घासली आहे तेही दिसतंय मला," त्या म्हणाल्या.

मी सरांना म्हटलं, "फळी कुठे होती ते मला समजून घ्यायचंय." पुण्यात नवी केबिन करताना आम्ही आधी प्लायवूडची खोटी केबिन उभी करायचो आणि तिच्यात माणूस बसवून बघायचो. इथे प्लायवूड नव्हता. मी स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या, इस्त्रीचं टेबल खाली करून त्यांच्या मागे लावलं. बरोबर आलेल्या नवऱ्याला ड्रायव्हर केलं आणि स्टिअरिंग म्हणून हातात थाळा दिला. सिन्योरांना मजा वाटायला लागली. त्या काठी टेकत आल्या आणि हुकूम सोडायला लागल्या. फळी एवढी खाली नाही. वर. अजून वर. वडिलांच्या खांद्याच्या रेषेत. आपला तळहात उभा धरून त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर टेकवला. "इथे. मला त्यांची टोपी मागून दिसायची. रुमाल सरकला की."

सर दाराशी उभे होते, हाताची घडी घालून.

परत येताना गाडी मी चालवत होते. सर मिरर म्हणायचंही विसरले. मग म्हणाले, "लहानपणीचं आहे ते. ती आजोबांच्या ट्रकबद्दल बोलतेय. माझा ट्रक तो नाही. जुन्या गाड्यांच्या शोला नेला की लोक पहिल्यांदा हेच बोलणार, की केबिन चुकीची आहे."

"कारखान्यानं केबिन दिली नसेल तर चुकीची कशी होईल?" मी म्हटलं.

"कारखान्याचा फोटो आहे माझ्याकडे."

ट्रक त्यांचा, वडील त्यांचे. चित्र मी फोटोप्रमाणे दिलं आणि माझं काम संपलं असं धरून चालले. पुढचे काही आठवडे आम्ही फक्त पार्किंग आणि रिव्हर्स घेणं ह्याबद्दल बोललो. ट्रकचा विषय त्यांनीही काढला नाही. सुतारानं लाकूड आणलं एवढं मात्र कळलं.

माझ्या टेस्टच्या आधीच्या लेसनला पाऊस जोराचा होता. त्यांनी गाडी एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये थांबवायला सांगितली आणि काचेकडे बघत विचारलं, "तुमच्याकडे ड्रायव्हर झोपतात कुठे?"

मी त्यांना निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरची गोष्ट सांगितली. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते, आणि साहेबांनी मला तिथे ड्रायव्हरांशी बोलायला पाठवलं होतं, नव्या केबिनमध्ये काय हवं ते विचारायला. मुलगी आली म्हणून सगळे आधी सावरून बसले. कोणी चहा मागवला. मग एक सोलापूरकडचा वयस्कर ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, सीट तुम्ही कशीबी द्या. आमचं आम्ही फडकं टाकून बसतो. पाठ टेकायला मागं फळी ऱ्हाऊ द्या." त्यानं मला त्याच्या ट्रकमध्ये चढून बघायला लावलं. सुतारानं बांधलेली केबिन. मागे सीटच्या वर आडवी फळी, तिच्यावर चादर घडी करून ठेवलेली, देवाचा फोटो, कंगवा. तो म्हणाला, माझ्या घरी मी पाहुणा असतो, मी राहतो इथे.

"मग दिलीत फळी?" सरांनी विचारलं.

"नाही. केबिन लांबवली की मागचा हौदा आखूड होतो. माल कमी बसतो. मालकाला ते नको असतं. आम्ही दोनदा चित्रं काढली, दोनदा परत आली."

त्यांनी मान हलवली. वायपर चालू होते. ते म्हणाले, "ह्या ट्रकचा हौदा मी अजून बांधलेला नाही. आखूड झाला तरी माझं काही जात नाही. मला माल कुठे न्यायचाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काढा चित्र पुन्हा. चला, गाडी चालू करा. मिरर."

टेस्ट मी पहिल्या खेपेला पास झाले. त्यानंतर बेडफर्डला एकटीच जायला लागले, नवऱ्यानं घेतलेल्या जुन्या निळ्या हॅचबॅकमधून. सुतारानं ॲश नावाच्या झाडाचं लाकूड वापरलं होतं. ते वाकतं पण तुटत नाही. खांब, आडव्या पट्ट्या, छताच्या कमानी. बाहेरून पत्रा, छतावर रंगवलेला कॅनव्हास. माझ्या चित्रात एक चूक निघाली. दाराचा मागचा खांब मी असा घेतला होता की हँडब्रेक पुरता ओढला की माणसाची बोटं खांबावर आपटायची. सुतारानं आपली सोललेली बोटं दाखवली. आम्ही खांब मागे सरकवला, दार रुंद झालं, आणि सर म्हणाले, बरं झालं, मम्माला चढता येईल.

जूनमध्ये ट्रक बाहेर निघाला. शेडपासून सिन्योरांच्या घरापर्यंत सर चालवत होते, मी शेजारच्या सीटवर. नवरा आमची गाडी घेऊन मागून येत होता, दिवे लुकलुकवत. बसल्याबरोबर मला कळलं की आपण कागदावर बरोबर आहे म्हणतो ते निराळं आणि बसल्यावर कळतं ते निराळं. बॉनेट एवढं लांब की पुढचा रस्ता उशिरा दिसायचा. पण डाव्या, म्हणजे माझ्या बाजूची कड, फुटपाथ, त्याच्यावरची माणसं, अगदी पायाशी. इंजिनाचा आवाज कानांना कमी आणि पोटात जास्त. गियर बदलायला सरांना प्रत्येक वेळी दोनदा क्लच दाबावा लागायचा, आणि आपल्या शिकवणीच्या गाडीत एवढे शांत असणारे सर घामाघूम झाले होते.

घरासमोर थांबलो तेव्हा शेजारपाजारचे लोक बाहेर आले. बरेचसे त्याच वयाचे, तिकडूनच आलेले. सिन्योरा फिरोजी रंगाचा स्कार्फ बांधून तयार होत्या. पायरीखाली मी दुधाचं क्रेट ठेवलं, नवऱ्यानं एका बाजूनं त्यांना धरलं, सरांनी वरून हात दिला. आत आल्यावर त्यांनी आधी मागे वळून बघितलं. फळीवर हात ठेवला, दाबून बघितली, कडेवरून बोट फिरवलं.

"फार रुंद आहे," त्या म्हणाल्या.

"मम्मा, तूच सांगितलंस," सर म्हणाले.

"उंची मी सांगितली. रुंदी हिनं ठरवली." माझ्याकडे बोट. मग इटालियनमध्ये काहीतरी बोलल्या, आणि सर हसले. मला म्हणाले, "ती म्हणतेय, इंडियातले ड्रायव्हर जाड असतील."

मी रुंदी निगडीच्या त्या केबिनवरून घेतली होती. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यांनाही सांगितलं नाही.

आम्ही तिघं पुढच्या सीटवर दाटीनं बसून निघालो. गावातून, नदीच्या पुलावरून, मग चिमण्यांच्या रस्त्यानं. सिन्योरा मध्ये, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्या सबंध रस्ता बघत होत्या, डावीकडे, उजवीकडे, वर पाटीवर काय लिहिलंय ते वाचत. एकदाच मुलाला म्हणाल्या, "एवढ्या जोरात कशाला?" आम्ही तेव्हा सायकलवाल्याच्या मागे होतो.

पुढच्या वर्षी मला ब्रिस्टलला नोकरी लागली, विमानातल्या सीटा बनवणाऱ्यांकडे, आणि आम्ही तिकडे गेलो. सर ट्रक शोला नेतात. फोन करून सांगतात. पहिल्याच शोला एका माणसानं दार उघडून आत डोकं घातलं आणि म्हणाला, ह्या सालच्या गाडीला बंक नव्हता. सर म्हणाले, नसेल, पण आमच्या घरात होता. तो माणूस थोडा वेळ तिथेच घुटमळला आणि मग विचारता झाला, जरा आडवं होऊन बघू का. सरांनी त्याला बूट काढायला लावले.